पिवळं की काळं?

एका राजाच्या प्रधानाने फर्मान काढलं, की हसवणारी पोथी पिवळ्या कापडात बांधायची, रडवणारी काळ्यात; बिनकापडाची दिसली तर चुलीत. चिमणाबाई स्वतः रचलेली पोथी घेऊन दरबारात गोंधळून उभी राहिली. पोथीत बाळाचं बारसंही होतं अन् म्हातारीचं मरणही.

"बोल बाई, पिवळं की काळं?" प्रधान खेकसला. "चूल पेटलीय."

"मलाच उमजेना, प्रधानजी. काल तुमच्या लेकीची पाठवणी झाली. सनई वाजत होती, पंगतीत हशा पिकला होता, अन् तुम्ही खांबाआड डोळे पुसत होता. त्या मांडवाला कोणतं कापड लावाल? तेच पोथीला बांधते."

प्रधानाचे डोळे पुन्हा भरले. राजा म्हणाला, "राहू दे उघडीच."

आता उघडी दिसते म्हणून जो तो आधी तीच वाचायला घेतो.