पायथ्याशी आलेला देव

एकदा काय झालं, एका डोंगराच्या पायथ्याशी ठकूबाई नावाची धनगरीण राहायची. तिचा नवरा मायाप्पा मेंढरं घेऊन चाऱ्याला लांब गेला होता. पावसाळ्याच्या आत येतो म्हणाला होता. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. मायाप्पा काही आला नाही.

ठकू लोकर कातायची आणि वाटेकडे बघायची. कुठं घुंगूर वाजला की हातातलं टाकून दारात धावायची. बघते तर दुसऱ्याच कुणाचं मेंढरू.

डोंगरावर बिरोबाचं देऊळ होतं. चढण अशी, की धडधाकट गड्यालाही धाप लागावी. ठकू रोज चढायची. "देवा, माझा माणूस आण," एवढंच म्हणायची आणि उतरायची. देव काही बोलायचा नाही, बरं का.

मग चढून चढून तिचे पाय भरून आले. एक दिवस ती अर्ध्यावरच बसली, तिथूनच हात जोडले. दुसऱ्या दिवशी पहिल्या वळणाच्या पुढं जाववेना. तिसऱ्या दिवशी पायथ्याच्या उंबराखाली मटकन बसली. म्हणाली, "देवा, आता माझ्यानं नाही होत. तूच खाली ये."

मग काय, डोंगरावरून एक म्हातारा काठी टेकत उतरला. खांद्यावर काळं घोंगडं. येऊन तिच्या शेजारी टेकला.

"सगळे वर येऊन मागतात," तो म्हणाला. "खाली ये, असं कुणी म्हणालंच नव्हतं."

ठकूनं ओळखलं. पण पाया पडायलाही त्राण नव्हतं. तिला नुसतं रडू आलं, तीन वर्षांचं साठलेलं. म्हातारा "उगी, उगी" म्हणाला नाही. नुसता बसून राहिला.

मग तिनं विचारलं, "जिवंत आहे का रे तो?"

"आहे. नदीपलीकडं. मेंढरं रोगानं गेली. कोणत्या तोंडानं घरी जाऊ, म्हणून बसलाय. तुझ्यासारखाच दमलाय."

"त्याला सांग, मला मेंढरं नकोत."

"सांगतो. तू नीज जरा. तोवर वाट मी बघतो."

त्यानं घोंगडं तिच्या अंगावर घातलं. ठकूला कधी नव्हे ती गाढ झोप लागली. उठली तेव्हा म्हातारा नव्हता. वाट रिकामीच होती, पण तिचं काळीज हलकं झालं होतं.

नवव्या दिवशी मायाप्पा आला. रिकाम्या हातानं, मान खाली घालून. ठकू लगबगीनं पुढं झाली. पाय धुवायला पाणी दिलं.

मग तो म्हणाला, "एक म्हातारा सगळी वाट माझ्यापुढं चालत होता. मी थांबलो की तोही थांबायचा. वेशीपाशी आलो आणि बघतो तर कुणीच नाही."

मग दोघं हळूहळू डोंगर चढले. वर देवळातला पुजारी कोड्यात पडला होता. देवाचे पाय धुळीनं माखले होते, टाचांना भेगा पडल्या होत्या. ठकूनं पदरानं धूळ पुसली, मायाप्पानं भेगांना लोणी लावलं.

पुढं त्यांनी दोन कोकरं घेतली, दोनाची वीस झाली, सगळं बेस झालं. आता ती दोघंही निजली, कोकरंही निजली. तुम्हीही पांघरूण घ्या आणि डोळे मिटा बघू.