बोट ओढणारी गाडी

"…पण ओढायला नेमकी किती ताकद लागेल, एवढं तरी सांगा ना, उस्ताद?"

दस्तगीर उस्ताद चिंचेची पानं झाडत होते. झाडू थांबला नाही.

मार्गशीर्षातली सकाळ होती. टेकडीवरचा छोटा दर्गा, त्यासमोरची चिंच आणि चिंचेखालचा पार, एवढंच काय ते जगात उरलं होतं. बाकी सगळं धुक्यात. खाली कृष्णा होती, पण दिसत नव्हती. पाण्यावरच्या पक्ष्यांच्या आवाजावरून ती तिथं आहे असं धरून चालायचं.

उस्तादांनी चाळीस वर्षं अवजड ट्रेलर चालवले होते. साठ-साठ चाकांचे, वीजघरांची यंत्रं घेऊन घाट चढणारे. बायको गेल्यावर त्यांनी किल्ली खाली ठेवली आणि या दर्ग्यावर येऊन राहिले. झाडलोट करायची, दिवा लावायचा, आलेल्याला चहा द्यायचा. त्यांच्या हाताखाली शिकलेले ड्रायव्हर अजूनही नवी गाडी घ्यायच्या आधी टेकडी चढून येत.

भरतेश चौगुले त्यातलाच. अठराव्या वर्षी तो उस्तादांकडेच गाडी शिकला होता. आता चाळिशीत आला होता. खाली शेतात त्याची ऊसरोपांची नर्सरी होती आणि गावाच्या पूरपथकाचा तो प्रमुख होता. गावाची फायबरची बोट ट्रॉलीवर चढवून त्याच्याच शेडमध्ये ठेवलेली असे. पूर आला की ती गाडीला जोडून पाण्यापर्यंत न्यायची, हे काम त्याचं.

आज तो बोट घेऊनच वर आला होता. चुलतभावाची थोरली पिकअप मागून आणली होती, डबल केबिनची, चारही चाकं ओढणारी. तिच्यामागे ट्रॉली, ट्रॉलीवर पांढरी बोट. धुक्यात बोट तरंगत आल्यासारखी दिसत होती.

"तीन गाड्या बघितल्यात मी," भरतेश म्हणाला. "एक छोटी आहे, एक मधली आणि एक हिच्यासारखीच थोरली. माझं मन हिच्यावरच बसलंय. चढाला बघा ना, मागं काही आहे हे कळलंसुद्धा नाही!"

झाडू थांबला.

"कळलंसुद्धा नाही?"

"अजिबात नाही."

"…हं."

उस्तादांनी झाडू चिंचेला टेकवून ठेवला. गाडीभोवती एक फेरी मारली. टायरला हात लावला नाही, बॉनेट उघडायला सांगितलं नाही. केबिनचं दार उघडून पायरीकडं मात्र बराच वेळ बघत राहिले.

"बोट वर्षातनं किती दिवस ओढतोस?"

"चार दिवस. फार तर पाच. एखाद्या वर्षी तेही नाही."

"बाकीचे?"

"बाकीचे दिवस रोपांचे ट्रे. शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत पोचवायचे. आणि आईला मिरजेला न्यायचं, महिन्यातनं दोनदा. पाठीचं दुखणं आहे तिचं."

"ती हिच्यात चढली?"

भरतेश थोडा घुटमळला. "स्टूल ठेवावं लागलं. प्लास्टिकचं."

"आणि उतरताना?"

"…मीच उचलून उतरवलं."

"काय म्हणाली?"

"गाडी रिकामी असली की लई उडते म्हणाली. पण उस्ताद, आईला गाडीतलं काय कळतंय?"

खालून कुठूनतरी एक बगळा उठला, त्यांच्या डोक्यावरून गेला आणि दोनदा पंख हलवेपर्यंत धुक्यात विरघळला.

"मला घोड्याचं बळ पाहिजे," भरतेश पुन्हा बोलू लागला. आवाज चढला होता. "दोन वर्षांपूर्वीच्या पुरात काय झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे. जुनी जीप कमी पडली म्हणून ट्रॉली कालव्यात गेली. नदीकाठच्या मळीवरची माणसं दिवसभर छपरावर बसली. बाळगोंडा आबा त्या गारठ्यानं गेले. पुन्हा तसं व्हायला नको. गाडी कमी पडायला नको, बस्स."

"जीप कमी पडली."

"हो."

"चढाला?"

भरतेशनं किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

उस्ताद ट्रॉलीजवळ गेले. चाकावर पाय दिला, कठड्याला धरलं आणि पंचाहत्तर वर्षांचं ते हलकं शरीर बोटीत उतरलं. मधल्या फळीवर ते मांडी घालून बसले. अंगावरची शाल सारखी केली.

"उस्ताद! हे काय?"

"मी इथं बसतो. तू खाली ने."

"अहो, उतार आहे! दोन वळणं आहेत! पुढं केबिनमध्ये बसा की."

"पुढं नको."

"काही झालं तर…"

"म्हणून तर," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

भरतेश तसाच उभा राहिला. मग गाडीखाली वाकून त्यानं हुकाची खीळ पाहिली. साखळी ओढून पाहिली. उठला, पुन्हा वाकला, पुन्हा खीळ पाहिली. सकाळी शेडमधून निघताना त्यानं ती एकदाही पाहिली नव्हती, हे त्याला आत्ता आठवलं.

गाडी सुरू झाली.

पहिल्या गियरमध्ये ती उताराला लागली. पुढं वीस-पंचवीस पावलांचा रस्ता, त्यापुढं धुकं. भरतेशचं लक्ष रस्त्यावर कमी आणि आरशात जास्त. आरशात बोट होती. बोटीत एक म्हातारा माणूस मांडी घालून बसला होता. खाली पाणी नव्हतं, दोन्ही बाजूंना काठ नव्हते, तरी बोट चालली होती.

मागचं वजन त्याला आता कळू लागलं. आधी पाठीला, मग ब्रेकवरच्या तळव्याला. उतारावर ट्रॉली ओढावी लागतच नव्हती, तीच गाडीला ढकलत होती. एवढी मोठी गाडी, एवढं बळ, आणि त्यातलं काहीच इथं कामाचं नव्हतं.

पहिल्या वळणावर ट्रॉली किंचित हलली. बोटभरच. भरतेशनं चटकन आरशात पाहिलं. आरशातला माणूस हलला नव्हता.

दुसरं वळण त्यानं असं घेतलं, जसं झोपलेलं मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यावं.

नेहमी तीन मिनिटांचा उतार. आज किती वेळ लागला ते त्याला कधीच सांगता आलं नाही. पायथ्याच्या सपाटीवर गाडी थांबली तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. ऐन थंडीत. त्यानं इंजिन बंद केलं. खाली उतरून ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले. मग बोटीच्या कठड्याला धरून नुसता उभा राहिला.

उस्तादांनी डोळे उघडले.

बोटीच्या टोकाला दवाचे थेंब जमत होते आणि एकेक करून मातीत पडत होते.

"उस्ताद…"

"बोल."

"जीप कमी पडली नव्हती."

उस्तादांनी मान त्याच्याकडं वळवली.

"चौथ्या गियरमध्ये होतो मी. कालव्याजवळचा उतार. पथकातली दोघं म्हणत होती, थांब, आम्हाला घे, मागं एकजण बसू दे. मी म्हटलं, तुमची वाट बघत बसलो तर माणसं बुडतील. एकटाच निघालो. सगळं गाव बघत होतं ना… पहिला मीच पोचणार होतो." त्यानं कठड्यावरचं दव हातानं पुसलं. "ट्रॉली डोलायला लागली, ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती गाडीच्या शेजारून पुढं चालली होती. मग कालव्यात. बोटीचा तळ फुटला."

उस्ताद ऐकत होते.

"पलीकडच्या गावची बोट संध्याकाळी आली. तोवर आबा छपरावर होते. भिजलेले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. लोकांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, जीप जुनी होती, कमी पडली. सगळे म्हणाले, हो, जुनीच होती. कुणी एक शब्द बोललं नाही मला." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "दोन वर्षं झाली. रोज मी मोठ्यातली मोठी गाडी शोधतोय."

धुक्यात कुठंतरी एक मोटार पंप सुरू झाला. थोडा वेळ चालला, बंद पडला.

"मळीवर जायचा रस्ता कसा आहे रे आता?" उस्तादांनी विचारलं.

"बरा आहे. इथनं सरळ, सपाट. पाऊण तासात माणूस चालत पोचतो."

"मग तिथं जायला कुठली गाडी लागते?"

भरतेशनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दयाही नव्हती. सकाळी चिंचेची पानं झाडताना जसा होता, तसाच तो चेहरा होता.

त्यानं किल्ली बोटीच्या फळीवर ठेवली. वळला आणि चालू लागला. दहा-बारा पावलांत धुक्यानं त्याला घेतलं. त्यानंतर थोडा वेळ नुसते पावलांचे आवाज येत राहिले.

*

मळीवरच्या खोतांच्या दारात त्रिशलावहिनी हरभऱ्याचा पाला निवडत बसल्या होत्या. बाळगोंडा आबांची थोरली सून. भरतेश चालत आलेला पाहून त्या उठल्या.

"या की भावजी. गाडी कुठाय?"

"नाही आणली."

त्या आत जाऊन तांब्या घेऊन आल्या. त्यानं तांब्या हातात घेतला, पण पाणी प्यायला नाही. उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं. चौथा गियर, मागं सोडलेली दोघं, डोलणारी ट्रॉली, आणि नंतर तोंडातून गेलेलं ते एक वाक्य. सांगताना तो त्यांच्याकडं बघत नव्हता. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून होती, त्याच्या डोक्याच्या वर हातभर. तिच्याकडं बघत होता.

सांगून झालं. वहिनींच्या हातातला पाला तसाच राहिला होता.

"आम्हाला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

भरतेशनं रेघेवरून नजर काढून त्यांच्याकडं पाहिलं.

"छपरावरनं कालव्याचा उतार दिसतो, भावजी. आम्ही सगळी तिकडंच डोळे लावून बसलो होतो. आबाच म्हणाले, बोट आली, बोट आली. मग म्हणाले, पोरगं लई जोरात यायलंय गं."

भरतेश मटकन ओट्यावर बसला.

"मग कधी बोलला का नाही मला?"

"काय बोलायचं? तुम्ही आमच्यासाठीच धावत होता." त्या थांबल्या. खाली बसल्या, पुन्हा एक-दोन काड्या निवडल्या. "पण जीपचं सांगितलंत ना गावात… ते लागलं. आबांनी डोळ्यांनी बघितलेलं खोटं पडलं असं वाटलं. आता बरं वाटलं. पाणी प्या."

तो पाणी प्यायला. मग तांब्या खाली ठेवून, दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. त्या पाला निवडत राहिल्या.

*

दुपारी तो टेकडीच्या पायथ्याशी परतला तेव्हा धुकं कधीच उठून गेलं होतं. स्वच्छ उन्हात, कोरड्या माळावर, उस्ताद अजून बोटीतच बसले होते. शाल घडी करून शेजारी ठेवली होती. लांबून ते नदीची वाट बघत असल्यासारखे दिसत होते.

भरतेश बोटीत चढला आणि त्यांच्यासमोरच्या फळीवर बसला. काय घडलं ते सांगितलं.

"मधली घेतो," शेवटी भरतेश म्हणाला. "बोटीला तेवढी पुरते. पायरी खाली आहे, आई आपली आपण चढेल. स्प्रिंगचे पाटेही मऊ आहेत, रिकामी असताना उडणार नाही. आणि आधी तिलाच बसवून बघतो." तो थोडा थांबला. "ट्रॉलीला तिचे स्वतःचे ब्रेक बसवून घेतो. पथकातल्या दोघांना सोबत घेतल्याशिवाय निघायचं नाही. वहिनी म्हणाल्या, त्यांचा दीरही येईल. पट्टीचा पोहणारा आहे."

उस्तादांनी मान हलवली.

वारा सुटला होता. खाली कृष्णा आता पूर्ण दिसत होती, शेतांच्या मधून संथ, आपल्याच विचारात असल्यासारखी. ही नदी कधी छपरांपर्यंत चढली असेल हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

"एक राहिलं, उस्ताद," भरतेश हळूच म्हणाला. "पूर आला असेल. माणसं छपरावर असतील. हाका ऐकू येत असतील… तेव्हा उतारावर किती वेगानं जाऊ?"

उस्ताद नदीकडं बघत होते. बराच वेळ बघत राहिले.

"पोचशील इतक्या."