तेराचा डाव

“…आणि चूक दाखवणं हा गुन्हा कधीपासून झाला, एवढंच मला सांगा, अप्पा.”

अप्पांनी मान वर केली नाही. त्यांच्यापुढे चटईवर सात पत्ते उघडे मांडले होते. त्यांतली राणी आणि एक्का उचलून त्यांनी बाजूला ठेवले आणि हातातल्या कॅटातून दोन नवे पत्ते रिकाम्या जागी लावले.

“बोल,” ते म्हणाले. “ऐकतोय मी.”

उमाकांत निंबर्गी सरांना हे मुळीच आवडलं नाही. एवढ्या लांबून ते मठात आले होते आणि नीलकंठ अप्पा, ज्यांच्या एका शब्दावर आसपासच्या गावांतली भांडणं मिटत, ते सकाळी पूजा आटोपून पत्ते खेळत बसले होते. तेही एकटेच.

पण आता सुरुवात केलीच होती, म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

सर सोलापुरात एका कॉलेजात गणित शिकवत. त्यांच्या हाताखालून गेलेला मुलगा कुठेही अडत नाही, असा त्यांचा लौकिक होता, आणि त्यांना तो पुरेपूर ठाऊक होता. प्रल्हाद येणगुरे नावाचा एक मुलगा त्यांच्या वर्गात होता. खेड्यातून आलेला, बुजरा, पण डोक्यानं तल्लख. एक अवघड सिद्धता त्यानं फळ्यावर स्वतःच्या वाटेनं मांडली. वाट बरोबर होती. शेवटी एका साध्या बेरजेत तो घसरला.

सरांनी डस्टर घेऊन अख्खा फळा पुसला. ज्याला बेरीज येत नाही त्यानं गणिताचं नाव काढू नये, असं ते भरवर्गात म्हणाले.

प्रल्हाद पुन्हा वर्गात आला नाही. काही दिवसांनी त्याची आई आली. सरांनी त्याला वाचायला दिलेलं पुस्तक तिनं टेबलावर ठेवलं, हात जोडले आणि निघून गेली.

प्राचार्यांनी सरांना सांगितलं, त्या मुलाला भेटा, दोन शब्द बोला. सरांनी साफ नकार दिला. चूक ती चूक. त्यात माफी कसली मागायची?

“मी खोटं बोललो नाही,” सर अप्पांना म्हणाले. “बेरीज चुकली होती. चुकली म्हणालो. यात माझं काय चुकलं?”

अप्पांनी राजा उचलला आणि बाजूला ठेवला.

“…राहा इथं थोडे दिवस,” ते म्हणाले.

सर राहिले. खरं तर उत्तर न घेता परत जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

रोज सकाळी ते अप्पांसमोर येऊन बसत. डाव सोपा होता. एक्क्याचा एक, गुलामाचे अकरा, राणीचे बारा, राजाचे तेरा. उघड्या पत्त्यांतून ज्या दोघांची बेरीज तेरा होईल ती जोडी उचलायची. राजा एकटाच जायचा. जागा रिकामी झाली की नवा पत्ता लावायचा. सगळे पत्ते उचलले गेले की डाव लागला. उघड्या पत्त्यांत जोडीच उरली नाही की डाव अडला.

पहिल्या दिवशी सर मध्येच म्हणाले, “नऊ आणि चार आहेत, अप्पा.”

“दिसलं,” अप्पा म्हणाले.

पुढच्या जोडीलाही सर बोलले. मग त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. म्हाताऱ्याची नजर त्यांच्याआधीच तिथं पोचलेली असायची. हात तेवढा सावकाश यायचा.

हळूहळू सरांना ते बघण्यात गोडी वाटू लागली. डाव लागला म्हणून अप्पा खूश होत नसत. अडला तर पत्ते गोळा करून ठेवत, जसं कुणी जेवण झाल्यावर ताट उचलावं. मग हात धुऊन ओसरीवरच्या गादीवर बसत आणि लोक आपली दुःखं घेऊन येत. अप्पा ऐकत राहत. सगळं बोलून झाल्यावर एखादंच वाक्य बोलत, आणि ऐकणाऱ्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं सरांना समोर दिसे.

मठाचा सगळा कारभार शिवलीलाअक्का बघत. शाळा, स्वयंपाकघर, आल्यागेल्याची सोय, सगळं त्यांच्याकडे. सरांनी एकदा त्यांना विचारलंच की मठाच्या स्वामींना हा पत्त्यांचा नाद कसा लागला.

अक्का भाजी निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला.

अप्पांच्या आधी गादीवर जे मोठे स्वामी होते, त्यांचं म्हातारपणी मन ढळू लागलं होतं, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांना ते कळत होतं, पण मोठ्या माणसाला सांगणार कोण? एकदा दोन भावांना त्यांनी सकाळी एक निवाडा दिला आणि दुपारी बरोबर उलटा. दोघंही स्वामींचाच शब्द धरून बसले. दोन्ही घरं कायमची तुटली. धाकट्यानं तर गाव सोडलं. अप्पा तेव्हा तरुण होते, शेजारीच उभे होते, आणि तेही बोलले नव्हते.

“गादीवर बसले त्या दिवशीच पत्ते मागवले त्यांनी,” अक्का म्हणाल्या. “म्हणाले, माणसं माझ्या तोंडावर बोलणार नाहीत. पत्ते बोलतील. डाव अडला तर तो पत्त्यांचा गुण. बेरीज चुकली तर माझा. ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी उठायचं.”

“आणि आजवर…?”

अक्कांनी नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा भाजी निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सर जरा लवकरच येऊन बसले. आता ते पत्त्यांकडे कमी आणि अप्पांच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होते. एवढ्या मानाच्या जागी बसून रोज सकाळी आपलीच झडती घेणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांच्या कॉलेजात तर नाहीच. आरशात तर त्याहून नाही.

ओसरीवर माणसं जमू लागली होती.

अप्पांनी अठ्ठी उचलली. मग छक्की उचलली. दोन्ही एकत्र करून बाजूला ठेवली.

सरांच्या जिभेवर शब्द आला. वर्षानुवर्षं तो तिथं आपोआप येत होता, समोर कोण आहे हे न बघता. आज त्यांनी तो गिळला.

अप्पा पुढे खेळत राहिले. जोड्या उठत गेल्या. कॅट संपला. चटई मोकळी होत गेली आणि शेवटी दोन पत्ते उरले. पंजी आणि सत्ती.

अप्पा त्या दोन पत्त्यांकडे बघत राहिले. बेरीज बारा होत होती.

…

“तू कधी पाहिलंस?” त्यांनी विचारलं.

“…तेव्हाच.”

“बोलला नाहीस.”

तुमचा मान राखला, असं काहीसं सर पुटपुटले. अप्पांनी दोन्ही पत्ते उचलून बाकीच्यांत मिसळले आणि कॅट नीट सारखा करून सरांच्या हातात दिला.

“माझ्या गुरूंचाही असाच राखला होता आम्ही,” ते म्हणाले. आणि त्यांनी आत हाक मारली, “अक्का.”

सर घाईघाईनं पुढे सरकले. त्यांचा आवाज त्यांना स्वतःला ओळखू येईना. एकाच बेरजेनं काय होतं, आयुष्यभराचं काम एका चुकीनं पुसून टाकायचं का, असं ते बोलत सुटले. डोळ्यांवर झापड असेल, रात्रीची झोप नीट झाली नसेल.

“पुन्हा मांडा डाव, अप्पा. मी पिसून देतो. माणूस आहे, चुकतो. एवढ्याशा चुकीनं कुणी उठून जातं का?”

अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, उलट थोडं हसूच होतं.

“हे मला कशाला सांगतोस?”

सरांना हातातले पत्ते जड झाले.

…

मग अप्पा उठले. त्यांनी शिवलीलाअक्कांचा हात धरला आणि त्यांना ओसरीवर नेऊन गादीवर बसवलं. अक्का नको नको म्हणत होत्या, डोळे पुसत होत्या. जमलेल्या माणसांना आधी ही काहीतरी थट्टा वाटली. पुढेच बसलेला एक शेतकरी बांधाच्या वादासाठी आला होता. तो म्हणाला, अप्पा, आम्हाला तुमच्याच तोंडून ऐकायचंय.

“आज माझी बेरीज चुकली,” अप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “उद्या तुझा निवाडा चुकेल. अक्काला विचार.”

एवढं बोलून ते गादीपुढे वाकले, अक्कांना नमस्कार केला आणि मागे जाऊन माणसांच्या शेवटच्या ओळीत मांडी घालून बसले. शेजारच्या म्हातारीनं गडबडून त्यांना जागा करून दिली. एकजण रडू लागला, तर अप्पांनी खुणेनंच त्याला अक्कांकडे बघायला सांगितलं.

निंबर्गी सर हे सगळं चौकटीला टेकून बघत होते. आयुष्यात त्यांनी पुष्कळ विद्वान पाहिले होते. आपली चूक इतक्या मोकळ्या आवाजात सांगणारा एकही त्यांना आठवेना.

संध्याकाळी त्यांनी अक्कांकडे प्रल्हाद येणगुरेच्या गावाला जाणाऱ्या एस.टी.ची चौकशी केली. तिथं जाऊन काय बोलायचं ते त्यांचं ठरलं नव्हतं. त्या पोराच्या दारात उभं राहायचं, एवढंच ठरलं होतं.

सकाळी पिशवी खांद्याला लावून ते अप्पांच्या पाया पडायला गेले आणि दारातच थबकले.

अप्पा त्याच चटईवर बसले होते. पुढे सात पत्ते मांडलेले. आज त्यांना कसली घाई नव्हती. मधूनच ते अंगणातल्या चिमण्यांकडे बघत. त्यांनी नव्वी उचलली, मग तिर्री उचलली आणि दोन्ही बाजूला ठेवायला हात नेला.

सर त्यांच्या शेजारी खाली बसले.

“अप्पा…” ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात ते वर्गात कधी बोलले नव्हते. “बारा झाले.”

“झाले खरे,” अप्पा म्हणाले. तिर्री त्यांनी जागेवर परत ठेवली आणि शोधत शोधत चौकी उचलली.

सरांना राहवेना. गादी सोडली, निवाडे सोडले. आता बेरीज चुकली काय अन् बरोबर आली काय, कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

“मग आता हे कशाला, अप्पा?”

अप्पांनी पुढचा पत्ता उलटला. बदामाचा राजा निघाला. त्याच्याकडे ते कौतुकानं बघत राहिले.

“आता खेळतोय,” ते म्हणाले.