भागूआयच्या नावाचा मलम

मिठागरांच्या काठी वसलेल्या एका गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. लोक त्यांना अप्पा म्हणत. त्यांची शिष्या एकच, चांगुणा. तिची आई भागूबाई जन्मभर मिठागरात राबली आणि भेगाळलेल्या पायांनीच गेली. खाऱ्या पाण्यात दिवसदिवस उभे राहून तिथल्या प्रत्येकाचे पाय फुटत. भागूबाई कोकमाच्या तेलात राळ आणि मेण कालवून एक मलम करी व शेजारणींना फुकट लावी. अप्पांनी चांगुणेला त्याच मलमाचे शुद्ध प्रमाण शिकवले आणि एके दिवशी म्हणाले, "आता दुकान थाट."

चांगुणेने दुकानाची रीतसर नोंदणी केली, परवाना काढला, दोन्ही कागद काच लावून भिंतीवर टांगले. डबीवर नाव घातले, 'भागूआयचा मलम'.

अप्पांनी भिंतीवरचे कागद शांतपणे वाचले. "हे झालं दुकानाचं. नावाचं काय?"

"नाव आहे की कागदावर."

"बाय, हा कागद एवढंच सांगतो की तू धंदा करतेस. नाव तुझंच आहे, असं तो सांगत नाही. त्याचा अर्ज वेगळा असतो. लोक त्याला ट्रेडमार्क म्हणतात."

चांगुणा हसली. "अप्पा, माझ्या आईचं नाव कोण चोरणार? आणि नावात काय ठेवलंय? मलम चांगला असला म्हणजे झालं."

अप्पांनी आणखी दोनदा आठवण करून दिली. दर वेळी ती म्हणे, "करते, हा हंगाम जाऊ दे." असे तीन हंगाम गेले.

मलम खाडीपलीकडच्या गावांतही जाऊ लागला. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या बाया दुकानात जाऊन फक्त म्हणत, "भागूआय द्या." चांगुणेला रिकाम्या डब्या पुरवणारा एक व्यापारी होता. डब्यांची मागणी का वाढते आहे, हे त्याला इतर कुणाच्याही आधी कळले. त्याने गाजावाजा न करता त्या नावाचा अर्ज स्वतःच्या नावे केला. अर्ज जाहीर झाला, हरकत घेण्याची मुदत आली आणि संपली. चांगुणेला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. तिला कळले ते वकिलाच्या नोटिशीने: हे नाव आमचे आहे, वापर तत्काळ थांबवावा.

व्यापाऱ्याचा मलम स्वस्त होता. रंग तसाच, वासही जवळपास तसाच. आत मात्र कसलेसे हलके तेल होते. पावसाळा सरता सरता लोकांच्या भेगा चिघळू लागल्या.

एके सकाळी पलीकडच्या गावची ठकूबाई लंगडत चांगुणेच्या दारात आली. पाय घोट्यापर्यंत सुजलेला होता. तिने हातातली डबी उंबऱ्यावर आपटली.

"तुझ्या आयशीनं माझ्या आयशीचे पाय बरे केले होते. म्हणून इसवास ठेवला. तिचं नाव लावून हे इख विकतेस?"

"मावशी, हा माझा मलम नाही!"

"नाव तुझ्या आयशीचं नाही का?"

ओटीवर बसलेले अप्पा उठले. आज ते ठकूबाईला खरे-खोटे समजावतील, चार माणसांसमोर आपली बाजू मांडतील, असे चांगुणेला वाटले. त्यांनी तसे काहीच केले नाही. त्यांनी गरम पाणी मागवले, ठकूबाईचा पाय मांडीवर घेऊन धुतला आणि आतल्या कढईतला ताजा मलम बोटावर घेऊन कडेच्या भेगांना लावला.

"जखमेत पू झालाय. आजच्या आज इस्पितळात जा," ते म्हणाले. "हे फक्त कोरड्या भेगांना लाव."

थंडावा लागताच ठकूबाईचा आवाज खाली आला. "बरं वाटतं. ह्या मलमाचं नाव काय?"

"याला नाव नाही," अप्पा म्हणाले.

ती गेल्यावर चांगुणेला राहवले नाही. "अप्पा, सगळ्या जगानं आईचं नाव माझ्याकडून काढून घेतलं. तुम्हीसुद्धा आज ते नाकारलंत?"

अप्पांनी हात पुसले. मग म्हणाले, "ते नाव मी उच्चारलं असतं, तर तिनं पाय मागे ओढला असता. आज त्या नावाची तिला भीती वाटते. तू म्हणालीस, नावात काय ठेवलंय. ज्याला डबीवरचं वाचता येत नाही, तो नाव उच्चारतो आणि डोळे मिटून हात पुढे करतो. त्या हातात काय पडतं, ते पाहणं आपलं काम होतं. नोंदणी तुझ्या मोठेपणासाठी नव्हती, चांगुणा, ती ठकूबाईसाठी होती. ती टाळण्याला तू विनय समजलीस. तो आळस होता. आणि मीही तीनदा सांगून गप्प बसलो. हात धरून न्यायला हवं होतं."

पुढे चांगुणेने दाद मागितली. आधीपासून नाव वापरणाऱ्याचाही हक्क असतो, असे वकील म्हणाले. पण पहिल्या वर्षांची एकही पावती तिने जपली नव्हती. तारखा पडत राहिल्या. इस्पितळात ठकूबाईची दोन बोटे काढावी लागली. चांगुणा तिला भेटायला गेली, तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवले.

त्या हिवाळ्यात चांगुणेने दुसरे नाव ठरवले आणि अर्ज घेऊन कचेरीत गेली. अप्पा बरोबर होते.

कारकुनाने अर्ज चाळला. "हे नाव कधीपासून वापरता?"

"अजून नाही. एकही डबी भरलेली नाही."

"मग एवढी घाई कसली? लोक आधी धंदा जमतो का बघतात."

चांगुणेने अप्पांकडे पाहिले. त्यांनी सांगण्याची आता गरज उरली नव्हती.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "माणसं विश्वास ठेवायला लागायच्या आधी हे व्हायला हवं."

कारकुनाने शिक्का मारला. घरी परतायची वाट बाजारातून जात होती. एका दुकानाच्या फळीवर तिच्या आईच्या नावाच्या डब्या ओळीने मांडल्या होत्या. चांगुणा मान खाली घालून त्यांच्यासमोरून चालत गेली.