फुकटामागचा हेतू

नगरसेवक भाऊसाहेब सावर्डेकर हे वाचनालयाचे अध्यक्ष. ग्रंथपाल विशाखाताई खोतांनी वाचकांच्या संगणकांवर कुठलासा फुकट ब्राउझर घातल्याचं कळताच ते तरातरा आले.

"हेतू असल्याशिवाय कोण वाटतं हो फुकट? आजच्या आज काढा तो, नाहीतर राजीनामा द्या!"

वाचकांनी पेपर खाली केले. संशय विशाखाताईंनाही आला होता, पण आधीच्या ब्राउझरचा.

"साहेब, आधीचाही फुकटच होता. त्यावर गुडघेदुखीचं औषध शोधलं, की महिनाभर तेलाच्या जाहिराती पाठ सोडत नव्हत्या. हा जाहिराती अडवतो, कुणी काय पाहिलं ते बाहेर सांगत नाही आणि आपल्या जुन्या संगणकांवरही पटकन उघडतो."

"दोन्ही फुकट, मग चांगला कुठला ते ओळखायचं कसं?" भाऊसाहेबांनी ऐटीत सगळ्यांकडे पाहिलं.

"सोपं आहे. मारुतीच्या भंडाऱ्यात मी दरवर्षी जेवते. तिथं पंगतीत बसताना कुणी नाव विचारत नाही. निवडणुकीआधी तुमच्या हळदीकुंकवालाही गेले होते. स्टीलचा डबा फुकटच मिळाला, पण दारातच माझं नाव, मोबाईल नंबर आणि घरात मतं किती, ते सगळं लिहून घेतलं. हा ब्राउझर भंडाऱ्यातला आहे."

कोपऱ्यातून कुणीतरी खुसखुसलं. भाऊसाहेब चपला शोधू लागले.

"डबा मात्र छान आहे हं, साहेब," विशाखाताई म्हणाल्या. "फक्त तुमच्या ऑफिसचे फोन अजून थांबलेले नाहीत."