काजळीचा गूळ

नदीकाठच्या एका गावात धुळाजी नावाचा एक गवळी राहत होता. त्याच्या गोठ्यात काजळी नावाची म्हैस होती. घरात त्याची सून ठकू होती, आणि तिला प्रत्येक गोष्टीला ‘असं का?’ विचारायची खोड होती.

काजळी एके काळी घागरभर दूध द्यायची. अलीकडे मात्र ती धार काढायला बसलं की पान्हा चोरायची आणि चरून परतायची ती दिवेलागण झाल्यावर. नुकतीच मांजरानं तुपाची बरणी फोडली होती म्हणे, त्यामुळे धुळाजी आधीच तापलेला होता.

“म्हैस बिघडली,” तो म्हणाला. “येत्या बाजारात विकून टाकतो.”

ठकू हातातलं काम टाकून पुढे आली. सासरी आल्यापासून काजळी हीच तिची मैत्रीण होती.

“मामंजी, बाजाराला आठ दिवस आहेत. तेवढे मला द्या.”

पहिले दोन दिवस तिनं काही केलं नाही, फक्त पाहत बसली. काजळीनं पान्हा चोरला की धुळाजी तिच्या तोंडात गुळाचा खडा घालायचा. मग ती थोडं दूध सोडायची आणि पुन्हा आखडून धरायची. पुन्हा खडा. दूध सरळ दिलं तर तिला कुणी विचारतही नव्हतं. संध्याकाळी ती दारात आली रे आली की पाठीत काठी बसायची. काठी उशिराबद्दल होती, पण बसायची ती घरी आल्यावर. ठकूला मोठं नवल वाटलं. म्हैस बिघडली नव्हती, ती फार नीट शिकली होती.

तिसऱ्या दिवशी ठकूनं काठी माळ्यावर टाकली. गूळ धार संपल्यावरच द्यायचा आणि काजळी दारात आली की, कितीही उशीर होवो, मूठभर सरकी पुढे करायची, असं तिनं ठरवलं. काजळी आणखीच हट्टाला पेटली. घागरीचा तळ जेमतेम झाकायचा. धुळाजीचा हात सारखा गुळाच्या डब्याकडे जायचा.

“एकच खडा दे गं तिला.”

“आत्ता दिला तर एवढा हट्ट धरायचा असतो, हे शिकेल ती.”

पाचव्या दिवशी काजळीनं सुस्कारा टाकला आणि पान्हा सोडला. आठव्या दिवशी ती ऊन उतरायच्या आत दारात उभी होती.

“सुधारली म्हणायची,” धुळाजी खूश होऊन म्हणाला.

“आपण शिकवू तेच ती शिकते, मामंजी.” ठकू जरा घुटमळली. “आणि ती बरणी मांजरानं नाही, मी फोडली. तुम्ही ओरडाल म्हणून मांजराचं नाव सांगितलं.”

धुळाजीनं ओरडायला तोंड उघडलं. मग त्याचं काजळीकडे लक्ष गेलं आणि त्यानं तोंड मिटलं. डब्यातून गुळाचा एक खडा काढून त्यानं सुनेच्या तळहातावर ठेवला.

“खरं सांगितलंस, बरं केलंस,” तो म्हणाला.

तात्पर्य: बक्षीस किंवा शिक्षा देण्याआधी ती नेमकी कोणत्या वागण्यामागून येते आहे ते पाहावं, कारण आपल्या मनात काहीही असो, समोरचा तेवढंच शिकतो.