गेनबाची कोरडीठाक खोली

घाटमाथ्यावर, जिथे धुकं थेट चुलीपर्यंत येऊन बसतं, तिथल्या एका गावात एक भोळा जावई राहत होता. नाव गेनबा. बायको हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, ती तीन महिने झाले तरी सासूबाई धाडेनात. त्यांनी निरोप पाठवला, "जावईबापू, तुमच्या घराला ओल. कोरडी, उबदार खोली बांधा, मग लेक-नातू न्या."

गेनबाने घराला लागून खोली काढली. भिवा सुताराने दुहेरी फळ्यांच्या भिंती उभ्या केल्या आणि मधे भाताचं तूस ठासून भरलं. मग प्लास्टिकची गुंडाळी गेनबाला दिली. "पाणी तापवलं की वाफ हुती. ती तुसात शिरली की तूस कुजतं. म्हणून हे ठोक. उबेच्या बाजूला."

एवढं कुणालाही कळतं. गेनबालाही कळलं.

दुपारी त्याने भिंतीला हात लावून पाहिला. उन्हाने बाहेरून तापलेली. प्लास्टिक बाहेर ठोकलं. संध्याकाळी शेगडी पेटवली, तर भिंत आतून कोमट. प्लास्टिक उपटून आत ठोकलं. दुसऱ्या दुपारी पुन्हा बाहेर. आठ दिवसांत प्लास्टिकची चाळण झाली आणि गेनबाच्या अंगठ्याचा बटाटा.

भिवाने कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, शेगडी आत, मग ऊबबी आतच! आतनं ठोक. आन् एकदा ठोकाय लागलास की कायबी हलवायचं न्हाई."

आतल्या भिंतीला शिडी टेकलेली होती. हलवायची नव्हती, म्हणून गेनबाने तिच्यासकट प्लास्टिक ठोकलं.

"भिवाकाका, भिंतीला पोट आलंय."

"तूस भिंतीत भरायचं हुतं रे, डोक्यात न्हाई! शिडी काढ. नवं प्लास्टिक ठोक. आन् भोक ठेवू नगंस. जेवढं भोक मोठं, तेवढा घात मोठा."

शिकला हो गेनबा, शिकला! त्याने खिळ्यांची भोकं बुजवली. उंदराचं बीळ बुजवलं. खिडकी बुजवली. मग वळून बघतो तर काय, सगळ्यात मोठं भोक उघडंच. त्यातून तो स्वतः आत आला होता. तेही ठोकून टाकलं. आतून, सांगितल्याप्रमाणे.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. खोली झाल्याचं कळल्यामुळे सासूबाईच लेकीला पोचवायला आल्या होत्या. हौसाने बाळाला पदराखाली घेतलं. धुक्याने सगळ्यांची डोकी भिजली.

"अहो, कुठं हाय तुम्ही?"

"आत!"

"आन् दार?"

"बुजवलं."

सासूबाई पुढे झाल्या. "खोली कोरडी हाय का, जावईबापू?"

"कोरडीठाक!"

बाळ शिंकलं.

"मग लेकराला आत घ्या की!"

"आत कसं घेऊ? लेकरू आलं की त्याला न्हाऊ घालाय पाणी तापवावं लागंल. वाफ हुईल. एवढ्या चांगल्या खोलीचं वाटोळं करायचं व्हय?"

सासूबाई तडक मागे फिरल्या. जीपमध्ये जाऊन बसल्या. हौसा डोळे पुसत त्यांच्यामागे गेली. जीप वळली, तेव्हा आतून गेनबाने हाक दिली,

"सासूबाई, खोली तर झाली! आता लेकीला कधी धाडताय?"